सोबतीचं जहाज

सगळ्यात भिकार जहाज कुणालाच नको असायचं, आणि त्यावरून आमच्यात दर रविवारी दुपारी भांडण ठरलेलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो, मी कॉलेजात होते. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचा. त्याच्या कुठल्याशा मामेभावानं परदेशातून एका खेळाचं पुस्तक आणलं होतं, त्याची यानं झेरॉक्स काढली. तारे, लुटारू, आणि अंतराळातून माल नेणाऱ्या जहाजांचे काफिले. षटकोनी घरं आखलेला एक मोठा कागद, ल्युडोचे फासे, आणि बाकी सगळं बोलून. प्रत्येकानं एका जहाजाचा कप्तान व्हायचं आणि आपण काय करतोय ते तोंडानं सांगायचं. हा मुलगा सूत्रधार. लुटारूही तोच, वादळही तोच आणि निकाल देणाराही तोच, त्यामुळे साहेबांना जरा शिंगं फुटलेली. जहाजं मात्र त्यानं सुरेख केली होती, लेथवर उरलेल्या पितळेच्या तुकड्यांची. खेळायला समोरचे दोघे भाऊ आणि मी. आमच्याच घरी खेळायचो, कारण आमचा पंखा बरा होता आणि आई पोहे द्यायची.

ते भिकार जहाज म्हणजे एस्कॉर्ट. पुस्तकात त्याला अख्खं पान दिलेलं. लढाऊ जहाजांचा सगळ्यात लहान वर्ग. कवच पातळ, इंजिन अंगापेक्षा मोठं, तोफा नावाला. आपणहून कुणावर हल्ला करायचा नाही. मालवाहू जहाजावर नेम धरला गेला की फासे पडायच्या आत एस्कॉर्टच्या कप्तानानं ‘माझ्यावर’ म्हणायचं, की तो मार एस्कॉर्टवर. गुण मालवाहूला. आणि काफिला बंदरात पोचला की एस्कॉर्ट पटावरून उचलून ठेवायचं, त्याला बंदरात शिरायची सोयच नव्हती. आता असलं जहाज कोण घेणार?

“अरे यार, मागच्या वेळी मीच घेतलेलं,” धाकटा भाऊ कुरकुरायला लागला.

आई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि सूत्रधाराला विचारलं, “ह्या जहाज काय करता रे?”

“काकी, हे सोबत जातं. मोठ्या जहाजावर गोळा आला की मधे येऊन स्वतःवर घेतं.”

“म्हणजे अलाबला घेता,” आई म्हणाली. “ता माका दी.”

आम्ही पोट धरून हसलो. आई मालवणकडची, डोंबिवलीत येऊन इतकी वर्षं झाली तरी भाषा तीच. तिला अंतराळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही. पण हसता हसता मला दादा आठवला.

दादा तेव्हा तेलाच्या जहाजावर इंजिनात कामाला होता. जहाज आखातात, आणि तिथे दोन देशांची लढाई चालू. तेलाची जहाजं मधल्या मधे मार खात होती. घरात फोन नव्हता, पत्र यायला महिना महिना लागायचा. पेपरात एखादं जळणारं जहाज छापून आलं की मी तो पेपर आई उठायच्या आत गायब करायचे. आई काही विचारायची नाही. पेपर कुठे गेला, हेसुद्धा नाही.

तर आई कप्तान झाली. ‘माझ्यावर’ म्हणणं तिला काही जमेना. त्याऐवजी ती दोन्ही हात त्या मालवाहूच्या तुकड्यावरून फिरवायची, स्वतःच्या कानशिलांवर नेऊन टेकवायची आणि बोटं मोडायची. लहानपणी दादा परीक्षेला निघाला की त्याच्यासमोर मोडायची, तश्शीच. कडाकडा. सूत्रधार म्हणाला, चालेल, हाच आवाज म्हणजे ‘माझ्यावर’. पहिल्या दिवशी आम्ही खिदळलो. नंतर कुणी हसायचं नाही. तो आवाज आला की पंख्याची घरघरसुद्धा दूर गेल्यासारखी वाटायची, आणि मला उगाच उठून दाराची कडी बघावीशी वाटायची. भर दुपारी, बाहेर पोरं क्रिकेट खेळत असताना.

खेळ संपला की आई ते जहाज पदरानं पुसून देवघरात ठेवायची. सूत्रधाराचं काही चालायचं नाही. पुन्हा बघावं तर त्याचं तोंड देवांकडे नसायचं, मागच्या भिंतीकडे असायचं, पश्चिमेला. मी सरळ करायचे. संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा भिंतीकडे. “पुसताना वळता,” आई म्हणायची. एवढंच.

एका रविवारी लुटारूंनी काफिल्याला चांगलंच कोंडीत धरलं. सूत्रधारानं मालवाहूवर नेम धरला. आईनं बोटं मोडली. फासे पडले. तो झेरॉक्समधला तक्ता बघत बसला आणि जरा चाचरत म्हणाला, “काकी, तुमच्या जहाजाचा डावा डोळा गेला. म्हणजे त्या बाजूचं आता काही दिसणार नाही.”

“जावंदे. तेका काय झाला नाय मा?”

“कुणाला? मालवाहूला? छे, सुखरूप आहे.”

“बरा झाला,” आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. स्वयंपाकघरात शिरताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर धाडकन आपटला.

त्याच दारातून ती दिवसातून शंभरदा जायची. मी बघत राहिले. मग तिनं चहा ओतला. चारही कप डाव्या बाजूला ठेवले होते, आणि चहा कपांच्या शेजारी, ओट्यावर पडत होता.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू. असेलही. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, उजव्याला औषध घाला म्हणाले. आईनं कुणाकडे तक्रार केली नाही. उलट त्या दिवसापासून तिला शांत झोप लागायला लागली. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

पुढे दादा आला. रापलेला, वाळलेला, पण धडधाकट. मागच्या जिन्यानं वर येऊन आईच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि आई उजवीकडे, पुढच्या जिन्याच्या दिशेनं, त्याची वाट बघत होती. त्यानं खांद्याला हात लावला तेव्हा तिनं अख्खी मान वळवली.

जेवताना दादानं मला हळूच सांगितलं. आखातात एकदा डाव्या बाजूनं काहीतरी सरळ त्यांच्यावरच येताना वरच्यांनी पाहिलं. खाली इंजिनात नुसती घंटा वाजली. सगळे डोकं धरून बसले. आणि ते जहाजाला लागलंच नाही, अलीकडेच फुटलं. “मधे काही नव्हतं गं. नुसतं पाणी,” तो म्हणाला. मी विचारलं, कोणता दिवस? तारीख त्याला आठवेना. रविवार होता, कारण रविवारी त्यांच्याकडे बिर्याणी असायची, आणि त्या दिवशी ती कुणीच खाल्ली नाही.

खरं सांगायचं तर मला दादाचा राग आला. आणि आईचाही. मुलगा म्हटलं की डोळासुद्धा देऊन मोकळी, असं वाटलं. माझ्यासमोर तिनं बोटं मोडल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्या परीक्षेला ती ‘जा गो, उशीर होतलो’ म्हणायची आणि भाकऱ्या थापत बसायची.

सूत्रधार आपलं जहाज न्यायला आला. त्याला ठाण्यालाच खोली मिळाली होती, खेळ मोडलाच होता. “काकी, काफिला पोचला. आता हे उचलून ठेवायचं असतं.”

आईनं देवघरापुढे हात आडवा धरला. “नको. अजून एक जहाज येवचा आसा.”

आम्हाला वाटलं, दादाच्या पुढच्या फेरीबद्दल म्हणतेय. पण दादा काही परत गेला नाही, त्यानं कल्याणला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं.

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीतच, मानपाड्याच्या एका केमिकल फॅक्टरीत लॅबमध्ये लागले. रोज घरी जाताना केसांना तो आंबूस वास. आई पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, आंघोळ कर आधी. देवघरातलं जहाज आता भिंतीकडे वळत नव्हतं. खिडकीकडे वळायचं. मी तेही सरळ करून ठेवायचे, आणि खिडकीतून काय दिसतं हे कधी बघितलं नाही. मानपाड्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या.

एका दुपारी आमच्याकडची एक टाकी फुटली. माझं टेबल त्या भिंतीला लागूनच होतं. मी टेबलाशी नव्हते, आणि का नव्हते ते मला आजही सांगता येत नाही. कुणी हाक मारली नव्हती, काही काम नव्हतं. कानशिलाजवळ कडाकडा आवाज आला, मी दचकून उठले आणि चालत गेटपर्यंत आले. मग मागे ती भिंत कोसळली.

रिक्षा मिळेना. रस्ता धुरानं भरलेला, लोक वाट फुटेल तिकडे पळत होते. मी धावत घरी आले. चपला कुठे राहिल्या कळलं नाही.

दार उघडं होतं. आई उंबऱ्यात बसली होती. दोन्ही हात अजून कानशिलांवर, बोटं मुडपलेली. मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले, जिकडून तिला दिसायचं तिकडे. तिनं मान हलवली नाही.

“आई,” मी म्हटलं. रडूच फुटलं.

तिनं हात पुढे केला, हवेत चाचपला, मग माझा चेहरा सापडला. कपाळ, नाक, गाल, सगळीकडून बोटं फिरवली. कुठे काही लागलंय का, ते बघत होती.

“इलंस गो?” ती म्हणाली. “आता उचलून ठेव ता जहाज.”