जाळ्यात जाळ

बाबालालला गप्प बसवणं आमच्या पेठेत कुणालाच जमलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी हात टेकले, लग्नानंतर सलमाभाभींनी हात टेकले. ते काम शेवटी मोबाईलमधल्या एका कंपनीनं केलं, आणि तेही याचा एक शब्द न ऐकता. माझा राग तिथूनच सुरू होतो, तो अजून उतरलेला नाही.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्याचं गाद्या-उशांचं दुकान आहे आणि बरोबर समोर माझं, म्हणजे आकारामचं, पंक्चरचं. कापूस पिंजताना नाकातोंडात जातो म्हणून तो तोंडाला रुमाल बांधतो, पण रुमालातूनही तोंडाचा पट्टा सुरूच. गिऱ्हाईक उशी घ्यायला आलं तर त्याच्या सासुरवाडीची चौकशी होऊनच उशी मिळायची. ‘उशी नको पण बोलणं आवर’ असं मी या दुकानातून त्या दुकानात ओरडायचो, आणि तो मला तिथूनच उत्तर द्यायचा.

पण त्याचं खरं बोलणं ऐकायचं ते स्टेडियमवर. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना असला की दुकानाला कुलूप लागायचं आणि माईक बाबालालच्या हातात यायचा. खेळणारी पोरं गल्लीतलीच, त्यामुळे सामन्याबरोबर सगळ्यांची घरंही तो सांगायचा. “चेंडू तानाबाईच्या नातवाकडं हाय, आन् ह्यो गडी आज दूध घालायच्या वेळंपेक्षा जोरात पळतोय,” असं ऐकल्यावर तानाबाईसुद्धा हसायची. आणि गोल झाला की तो सगळा दम एकवटून म्हणायचा, “जाळ्यात जाळ!”

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे जे चांगलं ते जाळ. तांबडा रस्सा जमला तर जाळ, नवी बुलेट घेतली तर जाळ, नवरदेव फेट्यात उठून दिसला तरी जाळच. चेंडू गोलच्या जाळ्यात असा काही गेला, तर जाळ्यात जाळ. हे वाक्य बाबालालचं स्वतःचं, आणि मुलं आता ते लग्नाच्या वरातीतही म्हणतात.

त्याची थोरली मुलगी मुबशिरा कॉलेजात आहे. तिनं बापाच्या नावानं खातं काढून त्याचं समालोचन मोबाईलवरून लाईव्ह दाखवायला सुरुवात केली आणि बघता बघता दुबईला गेलेली कोल्हापूरची माणसंसुद्धा ते ऐकायला लागली. व्हिडिओखाली बोललेले शब्द मशीन आपोआप लिहून दाखवायचं. आता आमची भाषा त्या मशीनच्या घशाखाली कुठली उतरायला? ‘लई खुळा हाय’चं ते ‘लय खोल आहे’ करायचं. ‘जाळ्यात जाळ’ आलं की खाली लिहून यायचं, ‘जाळा, जाळा’. मुबशिरानं ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बाबालाल गादीवर लोळून हसला होता. मीही हसलो होतो.

मग उपांत्य सामना आला. समोर दुसऱ्या पेठेचा संघ होता, सामना संपत आलेला, आणि आमच्या पोरानं लांबून गोल मारला. बाबालालला आवरेना. एकदा म्हणून भागलं नाही, तो पुन्हा पुन्हा तेच ओरडत राहिला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुबशिरा फोन घेऊन दुकानात आली. हिंसेला चिथावणी दिल्याबद्दल बाबालालचं खातं कायमचं बंद केलं होतं, आणि सगळे व्हिडिओ गेले होते. बाबालालनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला, ती ओळ माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि विचारलं, “चिथावणी दिली म्हंजी कुणाला?”

ते त्या कंपनीनं कुठंही लिहिलं नव्हतं. निर्णय मान्य नसेल तर दाबायचं एक बटण होतं. मुबशिरानं ते दाबलं. आपलं म्हणणं लिहायचं कुठं, असं बाबालाल विचारत राहिला, पण लिहायला जागाच नव्हती. तुम्ही माणूसच आहात हे दाखवा, चेहरा उजवीकडे वळवा, डावीकडे वळवा, एवढंच फोन सांगत होता. बाबालालनं केसांतला कापूस झटकला आणि सांगितलं तसं केलं. समोर ठेवलेला चहा निवायच्या आत उत्तर आलं की निर्णय बदलणार नाही. त्यानं दुसरं खातं काढलं, तेही बंद झालं. मग त्याच फोनवर होतं म्हणून मुबशिराचंही गेलं, तेव्हा सलमाभाभींनी हात जोडून सांगितलं की आता पुरे.

कंपनीचं ऑफिस कुठं आहे याची त्यानं चौकशी केली. मुंबईत असो की हैदराबादला, जाऊन समोरासमोर सांगतो म्हणाला. मी बरोबर जायला तयार होतो. वीजबिल चुकलं तर आपण खिडकीवर जाऊन भांडतो, आतला माणूस निदान वर बघतो. इथं खिडकीच नव्हती, तर डोकं आपटायचं कुठं?

एवढ्यावर राहिलं असतं तरी बाबालाल सावरला असता. पण बंद होण्याआधी कुणीतरी त्या व्हिडिओचा फोटो काढून ठेवला होता. समोरच्या पेठेतल्या पोरांनी की आमच्यातल्याच कुणी, ते कळलं नाही. फोटोत बाबालालचं उघडं तोंड, हातात माईक, आणि खाली त्या मशीननं लिहिलेलं ‘जाळा, जाळा’. फोटो ग्रुपवर फिरायला लागला. वर लोक लिहायचे, खातं उगाच बंद होतं काय?

मोबाईलवरच्या एका स्टेटसवरून आमच्या गावात दंगल होऊ शकते, ते आम्ही पाहिलेलं आहे. शटर धडाधड खाली ओढल्याचा आवाज बाबालालच्या कानातून गेलेला नाही, माझ्याही नाही. आपण असं बोललोच नव्हतो हे दाखवायला त्याच्याकडे आता आवाज नव्हता, तो कंपनीनं नेला. उरला होता तो फक्त फोटो. मी ज्याला त्याला सांगत सुटलो की मी शेजारी होतो, मी ऐकलंय. लोक म्हणायचे, तू त्याचा दोस्त, तू तसंच सांगणार.

कुणी शिवी दिली असती तर त्यानं दुप्पट दिली असती. पण लोक हळू आवाजात, जवळ येऊन विचारायचे, “खरं सांग, काय टाकलंतंस?” एका जुन्या गिऱ्हाइकानं मुलीच्या रुखवताच्या गाद्या पुढं बघू म्हणून सांगितलं. पोलीस ठाण्यातून एकजण येऊन गेला. चांगला माणूस, चहा घेतला, सगळं ऐकलं, आणि उठताना म्हणाला की जपून बोलत जावा.

बाबालाल जपून बोलायला लागला. ‘हाय’ गेलं, ‘आहे’ आलं. ‘न्हाय’ गेलं, ‘नाही’ आलं. माझ्याशीसुद्धा बातम्या दिल्यासारखं बोलायचा. गिऱ्हाईक आलं की फोन गादीच्या थप्पीखाली सारायचा आणि मगच तोंड उघडायचा. मी एकदा चिडून विचारलं की तुझ्या दुकानात काय हेर बसलेत? तो म्हणाला, “त्यांनी काय ऐकलं ते मला माहीत नाही. पुढं काय ऐकतील तेही माहीत नाही.” मला त्याचा राग आला आणि लगेच रडूही आलं.

अंतिम सामन्याआधी तालमीचे अध्यक्ष हंबीरराव दुकानात आले. माणूस वाईट नाही, बाबालालच्या बाजूनं चार ठिकाणी बोललेला. म्हणाले, “बाबालाल, माईक तुझाच. फकस्त तेवढं जाळबीळ नगं. उद्या माज्यावर यायचं.” त्याच सकाळी नातवाची नवी गाडी बघून हेच हंबीरराव माझ्या दुकानासमोर ‘जाळ’ म्हणाले होते. मी तोंड उघडणार होतो, पण बाबालालनं माझा हात दाबला आणि चालेल म्हणून सांगितलं.

सामन्याला स्टेडियम भरलं होतं. बाबालाल बोलत होता, “चेंडू सात क्रमांकाच्या खेळाडूकडे आहे.” सात क्रमांकाचा म्हणजे तानाबाईचा नातू. समालोचक बदलला की काय म्हणून लोक माना वळवून बघत होते. उत्तरार्धात त्याच पोरानं दोघांना चकवून गोल मारला. अख्खी गॅलरी उठली, ओरडली, आणि मग गप्प होऊन आमच्याकडे वळली. सगळे वाट बघत होते. बाबालालनं माईक तोंडाशी नेला.

“गोल झालेला आहे,” तो म्हणाला.

मग गॅलरीतून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, “जाळ्यात जाळ!” आणि त्याच्यामागोमाग सगळं स्टेडियम. मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. हंबीरराव एक हात वर करून ओरडत होते, दुसऱ्या हातात मोबाईल, शूटिंग चालू. बंदोबस्ताचे पोलीस हसत होते. तो व्हिडिओ पुढं गावभर फिरला. कुणाचंही खातं बंद झालं नाही.

सामना आम्ही जिंकला. बाबालालनं माईक बंद केला. मी त्याला मिठीच मारली. ऐकलंस का, सगळं गाव तुझं वाक्य म्हणतंय, असं त्याच्या कानात सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा फुलेल. तो माईकची वायर गुंडाळत राहिला.

“ऐकलं की,” तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडात आपली बोली आली होती. “तुमास्नी म्हणता येतंय, आकाराम.”

त्यानं माईक हंबीररावांच्या हातात दिला आणि आम्ही मिरवणूक सोडून पेठेकडे निघालो. बाबालालबरोबर इतका गप्प मी कधी चाललो नव्हतो.