मामीच्या कुंड्या आणि मामाची चिकटपट्टी

आमची मामी सिमेंटच्या कुंड्या करते. तळहातावर मावतील एवढ्या, निवडुंगाचं एखादं पिल्लू लावण्यापुरत्या. आधी शेजारणींनी नेल्या, मग भाचीने मोबाईलवर दुकान उघडून दिलं आणि लांबलांबून मागण्या येऊ लागल्या. तिथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मामा निवृत्त झाला.

मामाची हयात कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये गेली. कागदांचे गठ्ठे तो असे बांधायचा, की सोडवायचं काम पुढच्या पिढीवरच पडावं. घरी बसल्यावर आधी त्याने सगळी कपाटं लावून टाकली. मामीला तिची चाळणी आजतागायत सापडलेली नाही. मग त्याची नजर कुंड्यांवर पडली.

"अगं, तू फक्त कुंड्या कर. पॅकिंग माझ्यावर सोड."

मामी काही भोळी नाही, पण दमलेली होती. हो म्हणाली आणि पस्तावली.

सकाळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज सुरू व्हायचा. कुंडीला वर्तमानपत्र, त्यावर फुग्यांचं प्लास्टिक, मग खोकं, त्या खोक्याला दुसरं खोकं, आणि सगळ्यावर आडवीउभी चिकटपट्टी. जेवणाच्या टेबलावर वजनकाटा. आम्ही गेलो की ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

कुरियरवाल्यांचा भाव अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो. काटा टप्प्याच्या जरासा पुढे गेला, की पुढचा भाव. म्हणून मामीने कुंड्यांच्या भिंती पातळ केल्या. मामाने कुंडी उजेडात धरून पाहिली.

"नाजूक झालीय गं. अजून एक थर द्यायला हवा."

"अहो, नाकापेक्षा मोती जड झालाय! कुंडीपेक्षा खोक्याचंच वजन जास्त भरतंय."

"आणि फुटली म्हणजे?"

"सिमेंटची आहे ती!"

"सिमेंटचे पूलसुद्धा पडतात."

यावर मामीने कपाळाला हात लावला, आणि हाताचं सिमेंट कपाळाला लागलं.

शेवटी एका गिऱ्हाईक बाईचा फोन आला. "तुमचं खोकं उघडताना माझी कात्री मोडली हो. कुंडी अजून आतच आहे. ती राहू दे, कात्री पाठवा."

मामीने फोन ठेवला, चिकटपट्टीची सगळी रिळं गोळा केली आणि माळ्यावर टाकली. शिडीही शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

"ठीक आहे," मामा म्हणाला. "आमची गरज संपली." आणि बाल्कनीत जाऊन बसला. मामीने एकटीने पॅकिंग केलं, एकच खोकं, थोडासा कागद. एकही कुंडी फुटली नाही. मामाला तेच जास्त लागलं. बोलायचं तर "मीठ दे" एवढंच बोलायचा. मामीला वाटलं, यापेक्षा चिकटपट्टी बरी होती.

अशात कुरियर कंपनीचा निरोप आला: तुमच्या पार्सलचं वजन आमच्या काट्यावर पाच किलो भरलं, वरचे पैसे भरा. असं अधूनमधून व्हायचंच. मामी फोन करायची, यंत्र म्हणायचं एक दाबा, दोन दाबा, मग गाणं वाजायचं, मग फोन कट. पैसे भरून ती मोकळी व्हायची.

"तळहाताएवढी कुंडी पाच किलोची?" बाल्कनीतून आवाज आला. "दे इकडे तो फोन."

जिथे दिवसच्या दिवस कुणी फिरकत नाही, अशा खोलीत नोकरी केलेला माणूस तो. गाणं वाजत राहिलं, मामा ऐकत राहिला. पलीकडे एक मुलगी आली.

"सर, आमचे साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"असू देत. मी थांबतो."

"सर, वेळ लागेल."

"मला कुठे जायचंय बाळ?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः फोनवर आले. लेबलांची अदलाबदल झाली होती. कुणाच्या तरी मिक्सरचं वजन मामीच्या कुंडीवर चढलं होतं. माफी मागितली, पैसे परत आले. खूप दिवसांनी मामा भाजी परत मागून घेऊन जेवला.

मामीला वाटलं, सुटले. पण ही गोष्ट इमारतभर झाली. परवा मी गेलो, तर दाराबाहेर चपलाच चपला. कुणाचं वीजबिल जास्त आलेलं, कुणाचा फ्रिज दुरुस्तीला जाऊन परत न आलेला. मधोमध मामा, कानाला फोन, चेहऱ्यावर समाधान. "हो हो, थांबतो ना," म्हणत होता.

मामी कुंड्यांच्या पार्सलांची पिशवी कमरेवर घेऊन खाली निघाली होती. कुरियरवाला आता वर यायला घाबरतो. मामाने त्यालाही विचारलं होतं, की तुमचा काटा शेवटचा कधी तपासला.

"आत जा आणि चहाचं आधण वाढव," ती मला म्हणाली. "दोघं अजून यायचेत. आणि तुझ्या मामाला वेळ मिळाला, की एवढं विचार, मी कधी निवृत्त व्हायचं?"