दुबईतले टॉवेल

सासूबाईंना जर्मनीची थंडी सोसत नाही आणि आमच्या छोट्या सुट्टीत पुण्याला जाऊन येणं म्हणजे नुसती धावपळ. म्हणून यंदा अर्ध्या वाटेवर, दुबईत भेटायचं ठरलं. त्या पुण्याहून आल्या, आम्ही तिघं जर्मनीतल्या वाल्डॉर्फहून. मला धास्ती होती ती आमच्या सात वर्षांच्या लेकीची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. फोनवर आजीने काही विचारलं की "च्युस" म्हणून निरोप घेते आणि पळते. सासूबाई मला त्यावरून कधी बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते न बोलणंच मला झोंबायचं.

पहिले दोन दिवस तसेच गेले. काचेचे मनोरे पाहिले, खाडीत लाकडी होडीतून फिरलो, जुन्या वस्तीत जमिनीवरच्या गाद्यांवर बसून वेलची घातलेली अरबी कॉफी प्यायलो. सासूबाई खूश होत्या. नात मात्र त्यांच्याशी नुसती मानेने बोलत होती.

तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या किनाऱ्यावर गेलो. जर्मन माणूस सुट्टीवर गेला की सकाळी लवकर उठून चांगल्याशा आरामखुर्चीवर टॉवेल टाकून येतो. मग ती खुर्ची दिवसभर त्याची. आम्हालाही आता तो गुण लागलाय. नवऱ्याने टॉवेल टाकले आणि आम्ही नाश्त्याला गेलो. सासूबाई लवकर आटोपून पुढे गेल्या. येऊन बघते तर काय, बाईंनी अख्ख्या रांगेतल्या टॉवेलांच्या घड्या घालून एका खुर्चीवर चळत रचलेली!

"अहो आई, हे काय केलंत?"

"अगं, लोक कसेही टाकून गेले होते. आवरलं जरा."

तेवढ्यात एक जर्मन गृहस्थ तणतणत आले आणि सासूबाईंवर ओरडायला लागले. मी तोंड उघडायच्या आत लेक कमरेवर हात ठेवून पुढे. तिने जर्मनमध्ये ठणकावलं, ही माझी आजी आहे, तिने टॉवेलची घडी केलीय, चोरी नाही, आणि आज्यांवर असं ओरडायचं नसतं. गृहस्थ ओशाळले. माफी मागून टॉवेल घेऊन गेले.

मग ती आजीकडे वळली. "आजी, तू घाबरू नको. मी सांगितलं त्याला. चल, आपण पाण्यात जाऊ."

न अडखळता, चक्क मराठीत! मला नाचावंसं वाटलं.

सासूबाईंनी साडी खोचली आणि नातीचा हात धरून थेट समुद्रात शिरल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शेजारच्या अनोळखी बाईला आपल्या पुणेरी हिंदीत सांगत होत्या, "हमारी नात है! हमारे लिए झगडी!"