सकाळचा सिद्राम, संध्याकाळचा सिद्राम

सिद्राम सोनकांबळेचा चेहरा सोलापुरात फार थोड्यांना ठाऊक होता, पण आवाज अख्ख्या शहराच्या ओळखीचा. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे, मागच्या सीटवर अँप्लिफायर आणि बॅटरी. पुढं सिद्राम, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात माइक. हे कायद्यात बसतं का, असं एखाद्या हवालदारानं विचारलंच तर त्याच्यासाठी तोंडभर हसू. सर्कस, साड्यांचा सेल, मूळव्याधीचं मोफत शिबिर, वधू-वर मेळावा, काय म्हणाल ते त्यानं पुकारलं होतं. एकदा तर हरवलेली म्हैस पुकारली आणि ती संध्याकाळी आपल्या पायानं घरी आली. म्हैस तशीही आली असती, पण नाव सिद्रामचं झालं.

बाकीच्या रिक्षावाल्यांनी केव्हाच पेन ड्राइव्ह आणले होते. एकदा रेकॉर्ड करायचं आणि दिवसभर चहा पीत हिंडायचं. सिद्रामला त्याची शिसारी होती. "पेन ड्राइव्हला समोरचं माणूस दिसत न्हाय बे," असं तो म्हणायचा. तो सगळं जागेवर, ताजं ताजं बोलायचा. नळाच्या पाण्याचं पुकारताना तर त्याला विशेष रंग चढे. "पाणी उद्या न्हाय, परवा येणार हाय. अवो हिरव्या दाराच्या मावशी, घागरी आत घ्या, उगं उन्हात तापिवता कशाला!" मावशी शिव्या घालत घागरी आत घ्यायच्या. पाणी खरोखरच परवा यायचं. असं वर्षानुवर्षं चालल्यावर वस्तीत एक गोष्ट पक्की झाली. सिद्राम बोलला म्हणजे ते तसंच असणार.

मग कोरोना आला आणि सर्कस, सेल, मेळावे सगळं एका झटक्यात झोपलं. दुसऱ्या लाटेत सरकारनं रिक्षावाल्यांना मदत जाहीर केली तेव्हा सिद्रामला वाटलं, चला, आपलीही कुणाला आठवण आहे. पण मदत परवानाधारकाला होती आणि रिक्षाचा परवाना होता वैरागच्या मेहुण्याच्या नावावर. मेहुण्याच्या खात्यात मदत जमा झाली. त्यानं त्याच दिवशी फोन करून विचारलं, "दाजी, आपली रिक्षा कशी हाय?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. सिद्रामनं त्याला जे उत्तर दिलं ते कर्ण्यावरून पुकारण्यासारखं नव्हतं.

पण त्याच लाटेत सिद्रामचं नशीब उघडलं, तेही दोन्ही बाजूंनी. सकाळच्या वेळी महापालिकेचं काम. "नागरिकांनी घरातच राहावे, विनाकारण फिरू नये, तोंडाला मास्क लावावा." संध्याकाळी व्यापाऱ्यांचं. त्यांचे पुढारी शिवयोगी शेठ, कापडाचे दुकानदार, स्वभावानं तापट आणि चहा पाजण्यात सढळ. "दुकाने बंद ठेवून आमची उपासमार करणाऱ्या निर्बंधांचा जाहीर निषेध! दुकाने तात्काळ उघडलीच पाहिजेत!" सिद्राम दोन्ही तेवढ्याच कळकळीनं पुकारायचा. सकाळी ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस डॉक्टर व्हायचा राहून गेला. संध्याकाळी वाटावं, ह्याचीच चार दुकानं बंद आहेत.

घरी तर ह्या दोन बाजू समोरासमोर जेवायला बसत. बायको भीमाबाई टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची. कारखाना बंद, म्हणून ती घरी बसून पदराच्या कडा ओढत होती. मुलगी धम्मप्रिया आरोग्य केंद्रात कंत्राटी नर्स. रोज दुपारी पाळी संपवून घरी आली की दारातच अंघोळ करायची आणि आत आली की भांडण सुरू.

"कारखाना उघडला तर एका शेडमधी तुमी शंभर बाया बसनार," धम्मप्रिया म्हणायची. "वार्डात खाट शिल्लक न्हाय, आई. लोकं व्हरांड्यात झोपवलीत."

"आन् घरात बसून काय खाऊ? तुजा मास्क?"

"थोडे दिवस कळ काढ की."

"कळ काढायला पन पोटात काय तरी लागतंय. बंद करा म्हनताव ना? मग बंद करनाऱ्यानं दारात आटा आनून टाकावा. आमी कुटं बाहेर हिंडाय मरतोय?"

हे धम्मप्रियालाही पटायचं. आणि खाटांचं ऐकलं की भीमाबाईला पोरीची काळजी लागायची, कारण ती रोज तिथंच जात होती. मग दोघी मिळून सिद्रामकडं वळायच्या.

"तुज्या बापाला इचार," भीमाबाई म्हणायची. "सकाळी तुज्याकडनं हाय, संध्याकाळी माज्याकडनं."

"दुपारी मी जेवतोय," सिद्राम म्हणायचा आणि भाकरी आमटीत कुस्करायचा.

घोटाळा व्हायचा तो झालाच. एका दुपारी उन्हात डोकं तापलेलं, सकाळचं काम लांबलेलं, संध्याकाळचं लवकर लागलेलं. भर चौकात सिद्रामच्या तोंडून निघालं, "नागरिकांनी घरातच राहावे आणि दुकाने तात्काळ उघडलीच पाहिजेत! विनाकारण फिरणाऱ्या निर्बंधांचा जाहीर निषेध!" चौकातल्या फौजदारानं रिक्षा थांबवली. ह्याला नेमकं कुठल्या कलमाखाली घ्यावं ह्याचा त्यानं बराच विचार केला, काही सुचेना, मग नुसतंच हाकललं. पण वस्तीला करमणूक मिळाली. तेव्हापासून सिद्राम गल्लीत शिरला की कोणीतरी विचारायचंच, "काय बे, सकाळचा सिद्राम हायेस का संध्याकाळचा?"

ह्यात सगळ्यात पुढं चंद्रव्वा. कोपऱ्यावरच्या खोलीत राहणारी, विड्या वळणारी, बोलायला लागली की कानडी कुठं संपलं आणि मराठी कुठं सुरू झालं ते कळू न देणारी म्हातारी. सिद्राम हसण्यावारी न्यायचा. पण एके सकाळी त्यानं पुकारलं की पाणी आज येणार आहे आणि एकाही दारातून घागर बाहेर आली नाही. पाणी आलं, वाहून गेलं. तेव्हा मात्र त्याला आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. त्याच्याकडं दुसरं होतं तरी काय? आवाज, आणि त्या आवाजावर चार माणसांचा विश्वास. आवाज होता तिथंच होता.

ह्याच दिवसांत वस्तीत घराघरांत ताप आला. सगळ्यांना माहीत होतं, कोणीच बोलत नव्हतं. त्याला कारण होतं. तपासणीत कोणी सापडला की गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकत. पत्रे ठोकणारे वेळेवर येत, धान्य आणणारे येत नसत. शेजारच्या वस्तीनं ते भोगलं होतं. शिवाय बंद गल्लीतल्या विड्या कारखाना घेत नसे, म्हणजे चंद्रव्वाचं तर सगळंच बंद. तेव्हा लोक तापाला सर्दी म्हणत आणि सर्दीला काहीच म्हणत नसत.

धम्मप्रियानं वरिष्ठांच्या मागं लागून वस्तीतल्या विहारात तपासणीचं शिबिर मिळवलं. आदल्या दिवशी तिनं बापाला सांगितलं, "पप्पा, उद्या तुमीच पुकारा. लपून बसली तर मरतील वो लोकं. मी रोज बघतेय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सिद्राम हो म्हणाला. त्याच्या अंगात तेव्हा दोन दिवसांपासून कणकण होती. ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. तोही त्याच वस्तीतला.

शिबिराच्या सकाळी उद्घाटनाला नगरसेवक मानसिंगराव आले. फीत कापली, फोटो झाला, टाळ्या धम्मप्रियानं एकटीनं वाजवल्या, त्याही हातमोज्यांतून, म्हणजे आवाज शून्य. ती त्या प्लास्टिकच्या झग्यात घामानं निथळत बसली. समोर रिकाम्या खुर्च्या. सिद्राम विहाराच्या दारात रिक्षा लावून पुकारत होता, "तपासणीला या. मोफत हाय. घाबरू नका." दारं किलकिली व्हायची आणि परत लागायची.

मानसिंगराव घड्याळ बघायला लागले. सिद्रामनं छाती भरून श्वास घेतला, "बंधू-भगिनींनो" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी खोकला आला. साधा नव्हे, बुडापासून उठलेला, थांबता न थांबणारा. माइक तोंडाशीच होता. दोन्ही कर्ण्यांनी तो खोकला इमानदारीनं चारी गल्ल्यांत पोचवला.

इतका वेळ बंद असलेली दारं पटापट उघडली. कोपऱ्यावरून चंद्रव्वाचा आवाज आला, "सिद्राम, ह्यो खोकला सकाळचा का संध्याकाळचा?"

वस्ती खदाखदा हसली. सिद्रामनं लेकीकडं पाहिलं. ती उठून उभी राहिली होती, आणि मास्कच्या वर दोनच डोळे दिसत होते. धूळ गेली घशात, असं म्हणणं सोपं होतं. पण मग आयुष्यभर त्याचं कुणी काही ऐकलं नसतं, आणि लपलेली माणसं लपलेलीच राहिली असती.

"चंद्रव्वा," तो माइकवर म्हणाला, "ह्यो खोकला माजा सोताचा हाय. ह्याचं मला कुनी काय दिलेलं न्हाय."

हसू थांबलं.

"दोन दिस झालं अंगात ताप हाय. मी लपिवला. तुमी बी लपिवलाय, मला दिसतंय. का लपिवलाय ते बी ठाव हाय. पत्रे येतेत, डाळ येत न्हाय." त्याला धाप लागली, पण तो थांबला नाही. "मी आता आत जाऊन नाकात काडी घालून घेतो. पन त्याच्या आदी सायेब दोन शब्द बोलतील." आणि त्यानं माइक रुमालानं पुसून, हात लांब करून मानसिंगरावांपुढं धरला.

माइक समोर आल्यावर नाही म्हणणारा पुढारी अजून जन्माला यायचा होता. मानसिंगरावांनी घसा खाकरला, लोकांनी तो खाकरणंही संशयानं ऐकलं, आणि ते म्हणाले की कुणाचीही गैरसोय होऊ देणार नाही.

"गैरसोयीचं ऱ्हाऊ द्या," दारातून भीमाबाई ओरडली. "डाळीचं बोला."

"डाळ मिळेल."

"आटा?"

"आटाही मिळेल."

"माज्या इड्यांचं काय?" चंद्रव्वा.

"त्यांच्या कारखान्याशी मी बोलतो," मानसिंगराव म्हणाले. आता त्यांनाही घाम फुटला होता.

"कर्ण्यात आलं बरं का, सायेब," सिद्राम म्हणाला. "वस्तीनं ऐकलंय." आणि तो आत जाऊन खुर्चीवर बसला. धम्मप्रियानं काडी नाकात खोलवर घातली. "हळू की, बाप हाय मी तुजा," तो म्हणाला. त्याच्या मागं संगप्पा नावाचा शेजारी येऊन उभा राहिला, मग त्याची बायको, मग पाच-सहा जण. शेवटी शिव्या देत चंद्रव्वा.

सिद्राम पॉझिटिव्ह निघाला, गल्लीतले आणखी बरेच निघाले. पत्रे ठोकले गेले. सिद्रामला श्वास पुरेना म्हणून दवाखान्यात नेलं, रिक्षा मात्र पत्र्यांच्या आत अडकली. डाळ काही वेळेवर आली नाही. मग भीमाबाईनं रिक्षात बसून माइक हातात घेतला. जन्मात कधी घेतला नव्हता. "मानसिंगराव, तुरीची डाळ! मानसिंगराव, तुरीची डाळ!" सकाळ-संध्याकाळ एवढंच. मधून चंद्रव्वा माइक ओढून घ्यायची आणि कानडीतून काहीतरी सांगायची, ज्याचा अर्थ कोणी कोणाला सांगितला नाही. डाळ आली. तिच्यात खडे होते, तेही कर्ण्यावरून जाहीर झाले. शिवयोगी शेठनी पत्र्यावरून आट्याची पोती आत सोडली आणि दुकानं उघडण्याबद्दलचं आपलं मतही ऐकवलं. आटा घेतला गेला, मत तिथंच राहिलं.

धम्मप्रियानं हे सगळं फोनवरून बापाला ऐकवलं. ऑक्सिजनच्या मास्कमध्ये सिद्राम इतका हसला की मास्क सरकला आणि नर्सची बोलणी खावी लागली. त्या रात्री शेजारची खाट रिकामी झाली. सिद्राम भिंतीकडं तोंड करून रडला. मरायची भीती वाटत होती, आणि घरची आठवण येत होती.

तो वाचला. आवाज वाचला नाही. गळ्यातून नुसती खरखर निघायची, चाळणीत खडे हलवावेत तशी. लसीकरण वस्तीपर्यंत पोचलं, लोक सुईला भिऊन घरात बसले. पुकारणारा लागणार होता. महापालिकेच्या कचेरीतल्या माणसानं समजुतीनं सांगितलं, "सिद्राम, आता पेन ड्राइव्ह घे. तुझं काही कळत नाही." सिद्रामनं पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि तो खिशातच ठेवला.

विहारापाशी रिक्षा लावून त्यानं माइक तोंडाशी धरला. घशातून जे निघालं त्यातला एक शब्द धड नव्हता. स्वतःचाच आवाज कर्ण्यातून ऐकून त्याला लाज वाटली. दोनदा बोलला आणि धाप लागून खाली मान घालून बसून राहिला.

वर पाहिलं तर रांग लागली होती. पुढं चंद्रव्वा, कमरेवर हात ठेवून.

"काय बोललास रं? बाई, काय म्हंजे काय कळलं न्हाय."

"मग आलीस कशाला, अव्वा?" तो खरखरला.

"तू बोलावलास म्हनून. आता सांग की, डाळ हाय का आटा?"

सिद्रामनं बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून दंडावर बोट टोचून दाखवलं.

"मुडदा बशिवला तुजा!" चंद्रव्वा ओरडली. पण रांग तिनं सोडली नाही.