चौगुले सर आणि दुसरा दणका

चौगुले सर घाबरट होते. आज पहाटे झोपेतच गेले.

कुणाला खटकेल, पण शब्द त्यांचाच आहे. वर्गात म्हणायचे, "मी घाबरट हाय. धाडसी इंजिनिअरनं बांधलेल्या पुलावरनं आपण जायचं न्हाय."

रेल्वे गेली की जमीन हादरते. तो हादरा रुळापासून शेजारच्या घरापर्यंत किती पोचेल, हे कॉम्प्युटरवर मॉडेल करून आधीच सांगायचं, हे सरांचं काम. रिटायर झाल्यावरही. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि अलीकडे या कामातली जोडीदार.

गाडीचं वजन कळतं. रुळाचे, खडीचे आकडे मिळतात. खालच्या मातीचा भरवसा नसतो.
म्हणून घरात सेन्सर ठेवून प्रत्यक्ष मोजायचं आणि मॉडेल त्याच्याशी ताडून बघायचं.

गेल्या आठवड्यात हातकणंगल्याकडे रुळालगतच्या एका घरात गेलो होतो. शेजारून आणखी एक लाइन टाकली तर हे घर राहील की हलवावं लागेल, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार.

घरात म्हाताऱ्या आक्का, आणि त्यांना आत्याबाई म्हणणारी सून सुवर्णा. आक्कांची कॉट रुळाकडच्या भिंतीला लागून.

"घर राहू दे असंच लिवा बरं का," आक्का म्हणाल्या.
"मी कोण लिवणार? ते मशीन सांगतंय," सर म्हणाले.
"मग मशीनलाच सांगतो की!" आक्का म्हणाल्या.

त्या भिंतीपाशी ठेवलेल्या सेन्सरला हळदीकुंकू लागलं. घरात नवं मशीन आलंय, मग पूजा नको?

आम्ही मागच्या दारी दुसरा सेन्सर लावत होतो. भरलेली मालगाडी आली, आणि नेमका तेव्हाच सुवर्णानं सेन्सरसमोर नारळ फोडला.

"आता गाडी मोजू का नारळ?" सर आत येऊन ओरडले. सगळे हसलो. खोबरं खाल्लं.

रेकॉर्डमध्ये गाडीच्या हादऱ्यात दोन मोठे दणके दिसले. नारळाचेच, असं धरून आम्ही दोन्ही काढले. उरलेलं मॉडेलशी छान जुळलं. हादरा मर्यादेच्या आत. घर राहणार.

परवा संध्याकाळी सरांचा फोन.

"अगं, नारळ किती दणक्यांत फुटला?"
"दोन असतील, सर."
"असतील म्हंजे? तू बघितलंस?"
"नाही."
"मी पण न्हाय."

मग सरच म्हणाले,

"आकडा लई चांगला आलाय. मला भ्या वाटायलंय. उद्या सुवर्णाला विचारतो."

काल त्यांना बरं वाटेना, पडून होते. मग सुवर्णाला मी का नाही फोन केला? तो आकडा तसाच राहावा असं मलाही वाटत होतं का? खरंच माहीत नाही.

आज स्मशानभूमीबाहेर उभी राहून सुवर्णाला फोन लावला आणि विचारलं.

"एकाच दणक्यात फुटला की! आत्याबाई म्हणल्या, शकुन चांगला हाय. का ओ मॅडम?"



म्हणजे त्यातला एक दणका गाडीचा होता.

एखादं खराब चाक असेल. किंवा तिथं रुळाखालची जमीन बसत असेल, आणि तसं असेल तर प्रत्येक भरलेली गाडी त्या भिंतीला असाच धक्का देत असेल. मला कळत नाही. तो दणका परत धरला तर आकडा मर्यादेच्या वर जातो, एवढंच सांगू शकते. किती वर, ते पुन्हा मोजल्याशिवाय बोलणार नाही.

"सुवर्णा, आक्कांची कॉट त्या भिंतीपासून आजच हलवा."
"रिपोर्टमधी काय वंगाळ आलंय का?"
"अजून काही आलेलं नाही."
"मग कशाला भ्या घालताय, मॅडम? घर जाणार का आमचं?"

"आधी कॉट हलवा," एवढंच म्हणाले. घर गेलं तर माझ्यामुळे. राहिलं आणि भिंत आली खाली, तरी माझ्यामुळे. आजवर अशा वेळी मी सरांना फोन लावायचे.

सर, रिपोर्ट थांबवलाय. उद्या पुन्हा मोजायला जाते.

घरी येऊन परत एकदा फोन केला. आक्का कुरकुर करत मधल्या खोलीत गेल्यात. संध्याकाळची मालगाडी जाऊन झालीय. भिंत उभी आहे.

बरंय सर, या आता.