सहा देव की सात

एटापल्लीच्या पलीकडच्या कॅम्पवर माझं पोस्टिंग झालं ते उस्ताद म्हणून. कमांडो पथकाच्या जवानांना बिनहत्यारी लढत शिकवायची, एवढंच काम. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला हवालदार. पण ट्रेनिंग सेंटरला वुशूचा कोर्स करून आलो आणि सगळ्या कॅम्पचा 'चिनी उस्ताद' झालो. वुशू म्हणजे चीनची जुनी मारामारी. ठोसा, लाथ आणि धरून आपटणं. यातलं आपटणं आमच्या पोरांना शिकवावं लागत नव्हतं.

सकाळी फॉल-इन, मग दौड, मग मोहाच्या झाडाखाली तासभर वुशू. नंतर पेट्रोलिंग. ते दिवस खडतर होते, पण खरं सांगतो, आता पेन्शन खाताना सगळ्यात जास्त आठवते ती त्या झाडाखालची माती.

मैना भामरागडकडची. अंगानं बारीक, पण हाताला चपळ. तिच्या वजनाची दुसरी मुलगी पथकात नव्हती. मुलांत दिवाकर तेवढा काटकुळा होता, कोरपन्याकडच्या कापूसवाल्या घरातला. म्हणून त्यांची जोडी मी लावली. मैना त्याला रोज आपटायची. काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की गडी जरा जास्तच खुशीनं पडतो.

"दिवाकर, पडून काऊन राह्यला बे?"

"पाय घसरते, उस्ताद."

माती कोरडी ठणठणीत होती.

पुढे दोघांनीच मला सांगितलं. दोघंही गोंड. त्यांच्यात लग्न जातं कुळाच्या देवांवर. कुणाचं कूळ चार देवांचं, कुणाचं सहा, कुणाचं सात. देव सारखे भरले की मुलगा-मुलगी भाऊ-बहीण, मग घरं कितीही लांब असोत. दिवाकरच्या घरी सहा देव, मैनाच्या घरी सात. म्हणजे वाट मोकळी. मी तर मनातल्या मनात जेवणावळही उठवली.

दिवाकरचे आईवडील मागणी घालायला गेले तेव्हा सुट्टी काढून मीही गेलो. मैनाच्या बापानं खाट टाकली, पाणी दिलं, आडनाव विचारलं आणि पुन्हा एकदा विचारून घेतलं. कोरपन्याकडे ते आडनाव सहा देवांत मोजतात. भामरागडकडे तेच आडनाव सातात. हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुपारपर्यंत दोन्ही म्हातारे देव मोजत बसले. एकदाही आवाज चढला नाही, आणि एकही देव कमी झाला नाही.

"भाऊ, पोरगा चांगला हाय," बाप शेवटी मला म्हणाला. "पण आमच्या इकडं तो तिचा भाऊ लागते. मी हो म्हटलं तर गाव आमच्या घरचं पाणी नाई पेत. माह्या पोरांचे लग्न कोण करन?"

कोर्टात लग्न लावून देतो, असं मी मैनाला सुचवून पाहिलं. बापाच्या होकाराशिवाय नाही, असं तिनं सांगितलं. दिवाकरनं तिला कधी आग्रह केला नाही. बदलीही मागितली नाही. जोडी तीच राहिली. आता एकमेकांना हात लागायचा तो फक्त त्या मातीवर, माझ्या शिट्टीनंतर. मला ते बघवत नव्हतं, पण शिट्टी मीच वाजवत होतो.

त्या दिवशी सकाळी रोड ओपनिंगला, म्हणजे गाड्यांआधी रस्ता तपासायला, आमची पार्टी निघाली. मैना माझ्या पुढे होती. दिवाकरची ड्यूटी कॅम्पात, वायरलेस सेटवर. नाल्यावरच्या रपट्याजवळ, त्या बुटक्या पुलाशी, समोरच्या टेकडीवरून नक्षल्यांचा फायर आला. आम्ही आडोसा घेतला, जबाबी फायर दिला. ते पळाले. मैनाला गोळी पोटात लागली होती. मी पट्टी दाबून धरली आणि सेट उचलला.

"बेस, पार्टी टू. एक जवान गंभीर. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"पार्टी टू, जवानाचं नाव सांगा. ओव्हर."

नाव सांगावंच लागतं. मी सांगितलं. पलीकडे सेटवर दिवाकर होता.

"पार्टी टू, नाव मिळालं. मैना. हेलिकॉप्टर मागतो. धीर धरा. ओव्हर."

मैनानं ते ऐकलं.

"आवाज नाई कापला त्याचा," ती म्हणाली. तिला त्याचा अभिमान वाटत होता. हेलिकॉप्टर आलं, पण तोवर ती गेली होती.

गडचिरोलीला मानवंदना झाली, मग तिला गावी नेलं. त्या गावात मयताचा खड्डा घरच्यांनी खणायचा नसतो. ते काम सोयऱ्यांचं, म्हणजे ज्यांच्याशी लग्नसंबंध जुळतो त्या कुळांचं. भाऊबंद बाजूला उभे राहतात. दिवाकर कुणी न सांगता भाऊबंदांत जाऊन उभा राहिला, मैनाच्या भावांशेजारी. गावाच्या मोजणीत त्याची जागा तीच होती.

मैनाचा बाप सब्बल घेऊन त्याच्यापुढे आला.

"तू इथी नाई," तो म्हणाला. "सोयऱ्यांत जाय."

सगळ्या गावानं ते ऐकलं. दिवाकरनं बूट काढले, सब्बल घेतली आणि सोयऱ्यांत जाऊन खणायला लागला.