काटे पलीकडच्या बाजूला

सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी घड्याळजी वॉर्डातल्या खाटेवर बसून शेजारी उभ्या सिस्टरच्या मनगटी घड्याळात नवा सेल घालत होते. डोळ्याला भिंग, उजव्या पायाला बँडेज.

सडत चाललेलं ते पाऊल डॉक्टरांना घोट्यापासून काढायचं होतं. घड्याळजींचं दुकान पोटमाळ्यावर, वर जायला उभी शिडी. पाऊल गेलं की दुकानही गेलं, म्हणून ते नाही म्हणाले होते. त्याआधी रक्त तपासायला, सलाईन लावायला, इतकंच काय, पायाचं एक बोट कापायलाही हो म्हणाले होते. तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं.

आज डॉक्टर घड्याळजींच्या मुलालाच घेऊन आले.

"काका, कायदाच आहे तसा. निर्णय तुम्हाला झेपतो का, ते बघावं लागतं. नसेल झेपत, तर मुलाची सही चालते. या कागदावर एक घड्याळ काढा. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं."

घड्याळजी खूश झाले. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच कुणी त्यांच्या विषयातलं काही विचारत होतं. त्यांनी मन लावून चाकं काढली, स्प्रिंग काढली, बारीक स्क्रूसुद्धा सोडले नाहीत.

"काटे कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"पलीकडच्या बाजूला."

उभा जन्म त्यांनी घड्याळ मागूनच पाहिलं होतं. तोंड बघायचं काम गिऱ्हाइकाचं. डॉक्टरांनी शून्य गुण दिले.

"बाबा, साधं घड्याळ जमेना तुम्हाला?"

"साधंच आहे. चावीचं."

मुलाने खिशातून पेन काढलं. घड्याळजींनी भिंग उतरवून ठेवलं.

"बरं, काढा पाऊल."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "बघा, सगळं कळतंय त्यांना."

"कळतंय ना? मग लिहा तसं. नाही काढलं तर विष वर चढेल, मरेनही. काढलं तर जगेन, पण शिडी चढणार नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर." डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण स्वतःचा निर्णय घेण्यास सक्षम', आणि खाली सही केली.

"सिस्टर, सही झाली ना?"

"झाली, काका."

"मग आता नाही. पाऊल राहू दे."

मुलगा डॉक्टरांकडे वळला. "असं फिरता येतं?"

"येतं," डॉक्टर म्हणाले. दाढ उपटून घेणाऱ्याचा असतो तसा आवाज होता.

"आणि ते शून्य?" मुलाने विचारलं.

घड्याळजींनी कागद उलटा करून पाहिला. मागे काटे नव्हतेच. "ते खरं आहे. राहू दे."

पाय ठणकत होता. त्यांनी सिस्टरच्या घड्याळाचं झाकण दाबून बसवलं.

ऑपरेशन थिएटरच्या फळ्यावरून त्यांचा नंबर पुसला आहे. उद्या सकाळी साडेआठला याच खाटेवर ड्रेसिंग. पाऊल उजवं.